वाट सोपी आहे

फाटकाशी हिरवी पाटी:
केल्विनकाठची पायवाट. दीड मैल. सोपी.
चढ नाही, पायऱ्या नाहीत,
बाबागाडी चालेल, चाकांची खुर्ची चालेल.

सेंगा वाचते आणि नाकातून हसते.
"सोपी म्हणे! ज्यानं लिहिलं
त्याचे दोन्ही खुबे अजून आईनं दिलेलेच असणार."
तिचा डावा आठ आठवड्यांचा आहे,
धातूचा.

ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते.
पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा
मला शेंगा ऐकू आलं, मी उगाच हसले.
मग कळलं, आई अ‍ॅग्नेस,
आणि मुलीला तीच अक्षरं उलट्या क्रमानं.
ग्लासगोत अशा बऱ्याच होत्या म्हणे,
तिच्या वर्गातच तिघी.
गंमत अशी की तिच्या कोटाच्या खिशात
खरंच शेंगा असतात,
टरफलांसकट, खारींसाठी.
हा योगायोग तिला समजावून सांगण्यात
माझा पाव मैल गेला.

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची,
जास्त उकळलेल्या.
शाळेत या नावानं आम्ही तापमान लिहायचो,
त्याच्या शून्यावर म्हणे काहीच हलत नाही.
इथं सगळंच हलतंय:
रानलसणीची पानं, ज्यांच्या वासानं
मला भर दुपारी फोडणीची भूक लागते,
मर्डोचा ओला कुत्रा, जो वाळण्यासाठी
नेमकी आमचीच जागा निवडतो,
पुलाखाली आडवी पडलेली
सुपरमार्केटची ट्रॉली,
तिच्या जाळीत काड्या कोंबणारी पाणकोंबडी.
हलत नाही तो फक्त राखी बगळा.
"बँकेतला माणूस," सेंगा म्हणते,
"कर्ज मागायला जा, असाच बघतो."

पहिल्या बाकावर आम्ही बसतो.
दुसऱ्या बाकावर बसतो.
तिसऱ्यावर एक मुलगी फोनवर रडतेय,
म्हणून बसत नाही,
आणि सेंगाच्या लक्षात येत नाही
की ती आजवरच्यापेक्षा पुढं आली आहे.
मी बोलत नाही.
मोजणाऱ्याला थकवा आधी येतो.

वळणावर ती आपणहून थांबते, काठी टेकते.
"मी चालायला इथंच शिकले, आई सांगायची.
आई काहीही सांगायची म्हणा.
पण ती म्हणे माझ्यापुढं उलटी चालायची,
हात पसरून, पाठ कुठं जातेय ते न बघता,
आणि एकदा गेली थेट पाण्यात.
गुडघाभर. नवे बूट.
मी हसले, आणि हसता हसता
चार पावलं टाकली."

पुढं पाच-सहा हात शेवाळ आहे.
काल रात्रीचा पाऊस, वर बीचची सडकी पानं.
पाटीवर याचा उल्लेख नाही.
ती काठी उचलते, परत ठेवते.
मी पुढं जाते, वळते,
आणि माझे हात कधी पसरले
ते मला ठाऊक नाही.
एक पाऊल मागं मी, एक पुढं ती.
तिची नजर माझ्या बुटांवर.
माझी तिच्या खुब्यावर,
जणू नजरेनं तो धरून ठेवता येईल.

"उजवीकडे," ती म्हणते.
"अगं, तुझ्या उजवीकडे. नदी आहे डावीकडे."
आणि मग जोरात,
"सायकल!"

घंटी वाजवत एक छोकरा भुर्रकन जातो,
लाल हेल्मेट, सॉरी-सॉरी करत.
बगळा उडतो एकदाचा.
शेवाळ कधीच संपलेलं असतं
आणि आम्ही अजूनही तशाच,
ती सरळ, मी उलटी,
कोरड्या डांबरावर
लोकांच्या मधोमध.

"आता वळ की," सेंगा म्हणते,
खिशातून एक शेंग काढून फोडते.
एक दाणा मला, एक तिला.
खारीला आज टरफल.